वाचाच, भाऊ!

वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे आणि दारू मिळते. कादंबरीवर कसलीही बंदी नाही आणि ती मिळत नाही. पहिल्या बाबतीत घेतलेले लोक ‘घेतली नाही’ म्हणतात, दुसऱ्या बाबतीत न वाचलेले लोक ‘वाचली’ म्हणतात. खोटं तेवढंच, फक्त दिशा उलटी.

सकाळी वर्ध्याच्या बॅचलर रोडवर फिरायला निघालेल्या निवृत्तांच्या कोणत्याही घोळक्यात शिरा. साखर, गुडघे, जावई आणि वेतन आयोग एवढं आटोपलं की कुणीतरी हळूच विषय काढतो. ‘आताच एक कादंबरी वाचून राहिलो, भाऊ. जबरदस्त! तुम्ही वाचाच.’ कोणती म्हणून विचारावं, तर ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. तेव्हापासून आमच्याकडे ती ‘आताच’ वाचून होते आहे. ‘मृत्युंजय’बद्दल माझी तक्रार नाही. कर्णाची आधीच पुष्कळ हेळसांड झाली आहे, तीत माझी भर नको. पण ‘ययाति’, ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ ही तीन नावं पाठ असली की आमच्याकडे माणूस वाचक म्हणून खपतो. १९५९ ते १९६७ एवढ्या आठ वर्षांत मराठी कादंबरी सुरू होऊन संपली आणि त्यानंतर छापखाने फक्त लग्नपत्रिका छापतात, असा एकूण समज. गंमत म्हणजे त्याच आठ वर्षांत ‘धग’ आली, ‘सावित्री’ आली, ‘कोसला’ आली. त्यांची नावं या रस्त्यावर निघत नाहीत. कारण त्या वाचाव्या लागतात. कर्णाची गोष्ट आधीच ठाऊक असते.

दुसरी जमात पुरस्कारवाल्यांची. साहित्य अकादमीची यादी जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी यांची शिफारस तयार. २०२२ला प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, २०२३ला कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’. पुस्तक अजून पुण्याहून निघालेलंही नसतं, आणि इकडे ‘काय भाषा आहे हो!’ सुरू. या मंडळींची खरी पंचाईत केली ती नंदा खरे यांनी. २०२०चा पुरस्कार त्यांच्या ‘उद्या’ला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. आता शिफारस कादंबरीची करायची की नाकारण्याची? आमच्या लोकांनी विचार करून नाकारण्याची केली. ते सोपं होतं. त्यासाठी बातमी पुरत होती, कादंबरी उघडावी लागत नव्हती. ‘उद्या’ २०१४ सालची. माणसावर चोवीस तास पाळत ठेवणारं तंत्रज्ञान आणि त्याला सरावलेली माणसं, असा तिचा ऐवज. ती न वाचताच आपण सगळे तिच्यात राहायला गेलो.

तिसरी जमात ‘दाहक वास्तव’वाल्यांची. हे बहुधा नागपूर किंवा पुण्याहून दिवाळीला गावी येतात. देवळीच्या शेतकऱ्याला, तोही कापूस विकून नुकता घरी टेकलेला, हे सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ची शिफारस करतात. ‘शेतकऱ्याचं दाहक वास्तव आहे काका, वाचाच.’ ‘बारोमास’ उत्तम कादंबरी आहे, २००४चा अकादमी पुरस्कार तिला उगाच मिळालेला नाही. पण शिकून गावातच अडकलेला पोरगा आणि न पिकणारी जमीन हे ज्याच्या घरात रोज जेवायला बसतं, त्याला तेच पुस्तकात दाखवायला नेणं म्हणजे कमाल झाली. काका शांतपणे विचारतात, ‘त्यात भाव किती भेटला म्हणते?’ याला उत्तर नसतं.

खरं तर पुस्तकांच्या बाबतीत आमचा जिल्हा पुण्यवान. सेवाग्राम इथे, पवनार इथे. विनोबांनी ‘गीताई’ लिहिली तीही इथेच. त्यामुळे झालं असं की इथे पुस्तक म्हणजे उद्धाराचं साधन. कादंबरी हातात दिसली की घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, ‘त्यातून घ्यायसारखं काय आहे?’ निव्वळ गोष्टीसाठी वाचणं हा आमच्याकडे थोडा चावटपणाच गणला जातो. मग माणूस चोरून वाचतो, नाहीतर न वाचता उघडपणे शिफारस करतो. दुसरा मार्ग अधिक प्रतिष्ठित. बाकी वर्ध्यात कुणी मागून नेऊन बुडवू शकत नाही असं पुस्तक एकच. गोपुरीचं गीताई मंदिर. छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसत्या उभ्या शिळा आणि त्यांवर अठरा अध्याय कोरलेले.

२०२३च्या फेब्रुवारीत तर वर्ध्यावर साहित्याचा दुहेरी पाऊस पडला. स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष न्या. नरेंद्र चपळगावकर. त्याच दिवसांत सतरावं विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष चंद्रकांत वानखेडे. दोघेही वैचारिक लेखनातले. म्हणजे व्यवस्थेच्या आणि विद्रोहाच्या मांडवांत एवढं एकमत होतं की कादंबरीकार नको. ग्रंथदालनात गर्दी मात्र छान होती. पुस्तक छातीशी धरायचं, फोटो काढायचा, पुस्तक जागेवर ठेवायचं आणि चना-पोह्याच्या रांगेत लागायचं. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर, खाली दोन शब्द : ‘वाचलंच पाहिजे.’ कुणी, ते लिहिलेलं नसतं.

शिफारशीचं पुढं काय होतं ते पाहायचं असेल तर वाचनालयातली प्रत हातात घ्यावी. मी एका ठिकाणी असंच एक जाडजूड, गाजलेलं पुस्तक काढलं. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक चढलेले, नवी चिठ्ठी डकवलेली, तीही निम्मी भरलेली. असं पुस्तक पाहिलं की गावाबद्दल आदर वाटतो. मग पानं उलटली. सुरुवातीची साठेक पानं मळून पिवळी, कोपरे दुमडलेले, एका ठिकाणी तर्रीचा लालभडक थेंब. तिथून पुढे कागद कोरा करकरीत. शेवटच्या फर्म्यातली दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना चिकटूनच होती. बाइंडरनं कापायची राहिलेली ती जोडी इतक्या वाचकांपैकी कुणीच सोडवली नव्हती. मी ग्रंथपालांना दाखवलं. ते कौतुकानं म्हणाले, ‘हे पुस्तक ना सर, सगळ्यांनाच आवडते.’

घोटाळा कुठे आहे ते मला तिथे दिसलं. डॉक्टर चौकात उभा राहून ‘ही गोळी घ्याच’ असं ओरडत नाही, समोर कोण बसलंय ते बघून चिठ्ठी लिहितो. आपण कादंबरी चौकाला सुचवतो. कोण वाचणार, त्याच्या घरी काय चाललंय, त्याला रात्री झोप येते की नाही, याच्याशी आपलं देणंघेणं नसतं. आपल्याला सांगायचं असतं ते एवढंच की मी वाचतो. म्हणून मी आता चौकासाठी काही सुचवत नाही. माणूस पाहून सुचवतो.

आर्वीकडचा एखादा माणूस भेटला, ज्याचं गाव निम्न वर्धा धरणात गेलं आणि जो आता पुनर्वसनाच्या चौकोनी प्लॉटमध्ये राहतो, तर त्याला मी ‘रिंगाण’ देतो. धरणामुळे उठलेल्या गावातला देवाप्पा, मागे जुन्या रानात सुटून राहिलेली म्हैस, आणि तिला आणायला गेलेल्या माणसापुढे उभी ठाकलेली ती म्हैस. ती आता माणसाळलेली राहिलेली नाही. धरण आणि विस्थापित म्हटलं की विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’चं नाव निघतं आणि ते निघायलाच हवं. १९९१ची ती कादंबरी कचेऱ्या, कागद आणि दलाल यांचा पुरता हिशेब मांडते. पण खोत कचेरीत जातच नाहीत. कागदावर पुनर्वसन झालेलं असतं, म्हशीला ते कुणी कळवलेलं नसतं. कोल्हापूरकडची भाषा सुरुवातीला आपल्या जिभेला अडते, पण वीस-पंचवीस पानं धीर धरावा.

पोरगा पुण्यात, पोरगी बंगळुरूत आणि घरात दोघं म्हातारे, फोन चार्जिंगला आणि नजर फोनला, अशा घरी मी पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ नेऊन देतो. १९६२ची, हातावर मावेल एवढी कादंबरी. सगळी पत्रांची, आणि पत्रं एकाच बाजूची. सावित्री लिहिते, पलीकडून काय उत्तर आलं ते आपल्याला दिसत नाही. उत्तर न दिसताही इतकं प्रसन्न राहता येतं, हे त्या घरी कुणीतरी सांगायला हवं असतं. हे रेगे १९६९ साली वर्ध्यातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. म्हणजे एकेकाळी आमच्या मांडवात कादंबरी लिहिणारा माणूस बसवला होता. पाहुणचार काय केला माहीत नाही, पुस्तक मात्र आम्ही त्यांच्याबरोबरच परत पाठवलं असावं.

आणि आता ‘धग’. उद्धव शेळके जन्मले हिंगणघाटला. आपल्याच जिल्ह्यातल्या, कापसाच्या आणि गिरणीच्या गावात. ‘धग’ आली १९६०ला. शिंपीकाम करणारा महादेव, त्याची बायको कौतिक, पोरं. आज ना उद्या बरे दिवस येतील म्हणून ही बाई बिऱ्हाड उचलून तळेगावला येते आणि मग विटी-दांडू खेळल्यासारखं नशीब तिला हाणत सुटतं. असं मी लिहिलं खरं, पण कादंबरीत ‘नशीब’ म्हणून कुणी कपाळाला हात लावून बसत नाही. कौतिक हिशेब करते. किती शिवण आलं, किती पैसे आले, त्यात काय येईल. मराठी कादंबरीत दुःख पुष्कळ आहे, हिशेब करणारी बाई फार नाही. पुढे महादेवला महारोग होतो. ज्या वर्ध्यात १९३६ पासून मनोहरजी दिवाणांचं दत्तपूरचं कुष्ठधाम उभं आहे, ज्या सेवाग्रामला गांधींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या, त्याच मुलुखातला हा लेखक. फरक एवढाच की तिथे सेवा करणाऱ्याची गोष्ट आहे. शेळक्यांनी ती रोग्याच्या बायकोची लिहिली, आणि आमच्या आजीच्या वऱ्हाडी बोलीत लिहिली.

शेळक्यांचं पुढं काय झालं? पोटासाठी त्यांनी रंजक कादंबऱ्यांचा रतीब घातला. समीक्षकांनी मान खाली घातली, ‘धग’ तेवढी उचलून अभ्यासक्रमाला लावली आणि बाकीच्या लेखनाकडे पाठ फिरवली. मला मात्र त्या कादंबऱ्या रेल्वेच्या स्टॉलवर घेणाऱ्या, नाव नसलेल्या वाचकांबद्दल आदर आहे. त्यांनी कधी कुणाला काही सुचवलं नसेल, पण पैसे मोजून घेतलं आणि गाडी स्टेशनात शिरेपर्यंत शेवटचं पान गाठलं. ‘धग’ची शिफारस करणाऱ्यांनी लेखकाला नाव दिलं. घर चालवायला मदत केली ती या लोकांनी.

‘धग’ कुणाला सुचवायची? ज्यांना ती अभ्यासक्रमात लागली होती आणि ज्यांनी ती गाइडवर भागवली, त्या सगळ्या पदवीधर वर्धेकरांना. जिल्ह्यात त्यांची संख्या कमी नाही. त्यातले काही आता स्वतः मराठी शिकवतात. त्यांना पुस्तक द्यावं, बरोबर गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा द्यावा, आणि दोन्ही संपल्यावरच फोन करा म्हणावं. पुडा संपल्याचा फोन लगेच येतो.

ज्यांना ही नावं पटली नसतील त्यांनी आपली पाठवावीत, पुढच्या आठवड्यात छापू. अट एकच. कादंबरीच्या नावाखाली, शेवटच्या पन्नास पानांत काय होतं ते दोन ओळींत लिहा. ‘मृत्युंजय’ पाठवू नका. कर्ण मरतो हे आम्हाला माहीत आहे.