इलिश, चिंगडी आणि दोन बर्गी

कोलकात्याला मोहन बागान–ईस्ट बेंगाल बघायला येतोस का, असं मेहुण्याला फोनवर विचारलं, तर तिकडून पहिला प्रश्न आला, "दाजी, लाठीमार मॅचच्या आधी का नंतर?"

मेहुणा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठा आणि तालमी. बाकीच्या जगातही हा खेळ खेळतात हे त्याला ऐकून माहीत आहे, पण कोल्हापूरचं बघूनच शिकले असणार, अशी त्याची धारणा. तो स्वतः कुठल्या तालमीचा हे छापायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. छापलं तर निम्मं कोल्हापूर त्याच्याशी बोलायचं बंद होईल, आणि उरलेलं निम्मं उसने पैसे मागेल.

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस. गाडी नागपूर, रायपूर, बिलासपूर करत खरगपूरमार्गे हावड्याला पोचते. हा भूगोल मी उगाच सांगत नाही, त्याचा त्रास पुढे व्हायचा आहे.

आमचा यजमान पूर्वी पुण्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो, तो आम्हालाही दादाच म्हणायचा, त्यामुळे ऑफिसात कुणी कुणाला हाक मारली हे कधी कळलं नाही. आता तो बागबाजारात वडिलोपार्जित घरी राहतो. घोटी, म्हणजे पश्चिम बंगालचा मूळ रहिवासी. म्हणून मोहन बागान. बायको बांगाल, म्हणजे पूर्व बंगालातून आलेल्यांची मुलगी. म्हणून ईस्ट बेंगाल. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली, पण दोघं एकमेकांच्या माणसांना अजून "तुमच्याकडचे" म्हणतात. सासरे, आमचे मेशोमशाय, लहानपणी बोरिशालहून निर्वासित म्हणून जादवपूरच्या कॉलनीत आले. आम्ही गेलो तेव्हा ते जावयाकडे मुक्कामाला होते. तब्येतीसाठी, असं जाहीर कारण होतं. खरं कारण ३ सप्टेंबर २०२३, रविवार. ड्युरँड चषकाची फायनल. आणि त्या फायनलमध्ये मेख अशी, की दोन्ही क्लबांनी तोवर हा चषक सोळा-सोळा वेळा जिंकला होता.

पहिल्याच संध्याकाळी दादा आम्हाला पाय मोकळे करायला म्हणून घेऊन निघाला आणि एका गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. पाटी होती : मराठा डिच लेन.

"तुमच्यासाठी खणला होता," तो म्हणाला. "खंदक."

१७४२ साली रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात उतरल्या, तेव्हा इंग्रजांच्या कोलकात्याला घाम फुटला आणि शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला, त्याच्या बऱ्याचशा भागावर सर्क्युलर रोड झाला. बर्धमान-मेदिनीपूरकडच्या लोकांवर मात्र त्या दहा वर्षांत जे गुदरलं, ते बंगाली आया आजही अंगाईतून मुलांना सांगतात. इकडे पोर झोपत नसेल तर बागुलबुवा येतो. तिकडे बर्गी येतो. बर्गी म्हणजे आपण.

"ते नागपूरवाले," मेहुण्यानं एका वाक्यात कोल्हापूर संस्थान मोकळं केलं. "आमचा काय संबंध?"

मीही मागे राहिलो नाही. म्हटलं, आमचे नानासाहेब पेशवे तर १७४३ ला रघूजींच्या विरुद्ध, तुमच्या अलिवर्दीखानाच्या मदतीला आले होते.

"बावीस लाख घेऊन," दादा म्हणाला.

इतिहास वाचलेल्या माणसाशी मैत्री करू नये. "आणि तुमची आगगाडी आली कुठून? नागपूरवरून. खरगपूर कुठल्या जिल्ह्यात? मेदिनीपूर. त्याच वाटेनं आलात की!"

घरी परतल्यावर मेशोमशायांनी मात्र आमचं स्वागत दोन्ही हात पसरून केलं. "बर्गी? छे छे, बोरिशालला कुणी बर्गी पाहिलेलाच नाही. एवढ्या नद्या ओलांडून येतोय कोण! अंगाई आम्हीही म्हणायचो, पण करमणूक म्हणून." जावयाच्या पूर्वजांना लुटणारी माणसं पाहुणी आली, याचा त्यांना झालेला आनंद निखळ होता.

आता आम्ही कुणाच्या बाजूचे, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर सुटला. दादाच्या आईनं केलेल्या डाळीत साखर होती. पुण्याच्या आमटीवर वाढलेला मी ती दोनदा मागून घेतली. मेहुण्यानं पहिल्या घासाला माझ्याकडे असं बघितलं, की ताईला इथे दिली तेव्हाच हे दिसायला हवं होतं. मग बौदीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, बापलेकीसाठी वेगळं ठेवलेलं लाल तवंगाचं काहीतरी पुढे केलं. सुकवलेल्या माशाचं, शुटकीचं. त्याचा वास दादाला सोसत नाही, म्हणून ते त्याच्या घरात झाकण लावून राहतं. मेहुणा खाऊन कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "जाळ हाय, जाळ!" आणि ईस्ट बेंगालला एक समर्थक वाढला.

दुसऱ्या दिवशी मैदान. फोर्ट विल्यमभोवतीची ही अफाट हिरवळ लष्कराच्या मालकीची, म्हणून शतकभर जुने क्लबही इथे आपल्या वास्तूला 'तंबू'च म्हणतात. ईस्ट बेंगालच्या तंबूपाशी लाल-पिवळ्या झेंड्यावरची मशाल बघून मेहुणा थबकला. "दाजी, ठाकरे गट इथंपण?" त्याला समजावलं, की ही मशाल जुनी आहे आणि हिच्यासाठी कुणी निवडणूक आयोगाकडे गेलेलं नाही.

ईस्ट बेंगालचा जन्म मात्र त्याला न समजावताच समजला. मोहन बागान १८८९ चा. १९२० च्या २८ जुलैला जोडाबागान क्लबचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागाननं शैलेश बोस या खेळाडूला अचानक वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी, पूर्व बंगालचे जमीनदार, म्हणाले त्याला घ्या, घेतलं नाही, ते बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा! वर्गणीवरून भांडून त्याच गल्लीत दुसरा गणपती बसवायलाही आपल्याकडे याहून जास्त दिवस लागतात. सुरुवातीला साधा रुसवा. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांनी त्या नावात आपला गेलेला देश शोधला, तेव्हा त्याचा ईस्ट बेंगाल झाला.

वाटेत गोष्ठ पाल यांचा पुतळा लागला. मोहन बागानचा बचावपटू, लोक त्याला चीनची भिंत म्हणत. पद्मश्री मिळालेला पहिला फुटबॉलपटू. दादानं हात जोडले. मेशोमशायांनी ते होऊ दिलं आणि मग गोड आवाजात विचारलं, "जन्म कुठला रे यांचा?"

दादा गप्प.

"फरीदपूर," मेशोमशायच म्हणाले. "आमच्याकडचे. आणि चुनी गोस्वामी?"

"किशोरगंज," दादा पुटपुटला. जन्मभर मोहन बागान सोडून दुसऱ्या क्लबचा शर्ट न घातलेला, घोट्यांच्या देव्हाऱ्यातला चुनी, तोही पद्मा नदीच्या पलीकडे जन्मलेला. म्हाताऱ्यानं मग १९११ काढलं. २९ जुलै १९११, आयएफए शील्डची फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे बूटवाले गोरे, इकडे एक सुधीर चॅटर्जी सोडले तर सगळे अनवाणी, आणि मोहन बागान २–१. भारतीय संघानं जिंकलेली ती पहिली शील्ड. "बरोबरीचा गोल कुणाचा? शिबदास भादुडी. घर कुठलं? पुन्हा आमच्याकडचं. म्हणजे इंग्रजांनासुद्धा आम्हीच हरवलं. शर्ट तेवढा तुमचा होता."

दादानं इतका वेळ दाबून ठेवलेलं अस्त्र काढलं. "आणि तुमचे पंचपांडव?"

आता मेशोमशायांना खोकला आला. स्वातंत्र्यानंतर ईस्ट बेंगालला सुवर्णयुग दाखवणारी पाच जणांची आघाडीची फळी, व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह, यांत एकही बंगाली नव्हता. सगळे दक्षिणेकडचे. त्यांना बांगालांचा लाडका इलिश मासा रुचला का, याची नोंद सापडत नाही.

मेहुण्याला हे पटेना. कोल्हापुरात पेठ म्हणजे पेठ. मी त्याला विचारलं, तुमच्या तालमीतून हल्ली परदेशी खेळाडू उतरतात म्हणे? तो म्हणाला, "त्यो विषय वेगळा हाय," आणि चहा प्यायला निघून गेला.

त्या रात्री गच्चीवर सासरा-जावयाची जुगलबंदी झाली. मेशोमशायांच्या भात्यात ३० सप्टेंबर १९७५ हा एकच बाण, पण तो त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं रोज परजलेला. शील्डची फायनल, ईस्ट बेंगाल ५, मोहन बागान ०. पाचही गोल त्यांनी उशा-तक्क्यांच्या मदतीनं करून दाखवले. त्यांतले दोन श्याम थापाचे, त्यांना मोठा तक्क्या. त्या रात्री लोकांच्या रागाला भिऊन मोहन बागानचे काही खेळाडू गंगेत होडीत लपून राहिले, असं सांगतात. क्लबच्या बोधचिन्हावर शिडाची होडी आहेच, ती अशाच प्रसंगाची तरतूद असावी. दादानं १९७६ काढलं : मोहम्मद अकबर, सतराव्या सेकंदाला गोल. मग २००९ : ५–३, त्यांतले चार एकट्या चिडीचे. मेशोमशाय म्हणाले, "त्यातसुद्धा आम्ही तीन केले. तुमचे पंच्याहत्तरला किती?"

मेहुण्यानं एवढ्यात लाठीमाराचा विषय पुन्हा काढला, आणि दोघांचे आवाज एकदम खाली आले. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, हाच सामना. गॅलरीत हाणामारी, चेंगराचेंगरी, सोळा प्रेक्षक गेले. त्या तारखेला कोलकात्यात अजून रक्तदान करतात. मेहुण्यानं तो प्रश्न परत विचारला नाही.

रविवारी सॉल्ट लेक स्टेडियम. हे एवढं मोठं आहे, की १९९७ च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला इथे सव्वा लाखाच्या वर माणूस होता. मोहन बागानचे अमल दत्त आपल्या 'डायमंड' व्यूहरचनेचा डंका पिटत आले होते, आणि ईस्ट बेंगालच्या भूतियानं तीन गोल मारून तो हिरा फोडला. आता खुर्च्या बसवून आकडा कमी केलाय, उकाडा तेवढाच ठेवलाय. समर्थकांची फाटकं वेगळी. मी हिरवा-मरून मफलर बांधून दादाबरोबर. मेहुणा लाल-पिवळा होऊन मेशोमशायांना धरून पलीकडच्या फाटकाकडे. जाताना म्हणाला, "दाजी, दीड तास नातं बंद."

ईस्ट बेंगालची फुरफुर समजण्यासारखी होती. साडेचार वर्षं डर्बी जिंकली नव्हती, आणि तीन आठवड्यांपूर्वी याच स्पर्धेच्या साखळीत नंदकुमारच्या गोलानं १–० जिंकली होती. त्या आनंदात जादवपूरकडे इलिश महागला, असं बौदी सांगत होती. हा शहराचा नियम आहे : ईस्ट बेंगाल जिंकला की इलिश चढतो, मोहन बागान जिंकला की चिंगडी, म्हणजे मोठी कोळंबी.

पहिल्या तासाभरात गोल नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. एक हात बाहेर काढला की आपला खेळाडू पडतो, असा त्यांचा अनुभव. बासष्टाव्या मिनिटाला आमच्या अनिरुद्ध थापाला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. दहाच उरले. पलीकडची गॅलरी पेटली. गृहस्थांनी हात तपासले. दोन्ही जागेवर होते. म्हणजे अपशकुन दुसरीकडे. त्यांनी मला विचारलं, कुठले आपण? मी उत्तर टाळणार तोच दादा म्हणाला, "बर्गी."

पुढची आठ-नऊ मिनिटं मी आयुष्यात कधी नव्हे इतका मराठेशाहीचा प्रतिनिधी होतो. मागच्या तीन ओळींना बातमी पोचली. एका आजोबांनी तर मला त्यांच्या गावाचं नाव सांगितलं आणि उत्तराची वाट पाहत राहिले.

एकाहत्तराव्या मिनिटाला आमच्या पेट्राटॉसला चेंडू मिळाला. तो धावत सुटला, समोरचे मागे सरकत गेले, कुणी आडवं येईना, आणि पेटीच्या बाहेरूनच त्यानं डाव्या पायानं असा हाणला की गोलरक्षक झेपावूनही उपयोग झाला नाही. नंतर काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण मांडीखालचे ते दोन्ही हात माझ्या गळ्यात होते. "बर्गी! लूट! लूट!" गृहस्थ ओरडत होते. कमी माणसांनिशी येऊन माल घेऊन जायचा, ही आमची पद्धत त्यांना एकदम मान्य झाली होती. गावाचं नाव सांगणाऱ्या आजोबांनी मला एक संदेश, म्हणजे मिठाई, दिला; त्या गावचा चौथ मी तेवढ्यात सोडून टाकला.

१–०. सतरा विरुद्ध सोळा.

बाहेर नातं पूर्ववत सुरू झालं. मेहुण्याचा घसा बसला होता. मेशोमशायांनी शेवटची वीस मिनिटं पाठ मैदानाकडे करून काढली आणि मेहुण्यानं त्यांना सगळा सामना कोल्हापुरी हिंदीत ऐकवला; त्या समालोचनात ईस्ट बेंगालनं दोन गोल केले होते, असं ते परत परत सांगत होते.

दादा बाजारातून गोलदा चिंगडी घेऊन आला. भाव त्यानं विचारलाच नाही, विचारणं अशा दिवशी अशुभ. नारळाच्या रसातली मलईकरी झाली. मेशोमशाय टेबलाशी येऊन बसले आणि जाहीर केलं, की चिंगडी हा मुळी मासाच नाही, किडा आहे. किडा खाल्ल्यानं कुणी हरत नाही. मग त्यांनी पहिली घेतली.

"ड्युरँड सतरा-सोळा, ठीक," ते म्हणाले. "पण शील्ड? ईस्ट बेंगाल एकोणतीस, मोहन बागान वीस. आण कागद."

कागद कुणी आणेना. तेव्हा त्यांनी खाल्लेल्या चिंगडीचं डोकं ताटाच्या कडेला मांडलं. "ही एक शील्ड." दुसरं मांडलं. मेहुणा शेजारी बसून सालं मांडून मोहन बागानचे वीस मोजायला लागला, म्हणजे हिशेब चोख राहावा. चौथ्या डोक्याला बौदीनं वडिलांना डॉक्टरांची आठवण करून दिली. सहाव्याला पातेलं आपल्याकडे ओढलं.

"ओढतेस काय?" मेशोमशाय कडाडले. "अजून तेवीस शील्ड बाकी आहेत!"