गोदेपलीकडचा ठिपका

एपीआरएस ही हौशी रेडिओच्या लहरींवरून वाहनाचा ठावठिकाणा आपोआप कळवणारी पद्धत अमेरिकी नौदल अकादमीतील बॉब ब्रुनिंगा यांनी 1980च्या दशकापासून विकसित केली. तिच्यात यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून काढलेल्या अक्षांश-रेखांशांचे एक छोटे पाकीट बांधते, त्यावर परवानाधारकाचे कॉलसाइन, म्हणजे भारतात बहुधा व्हीयूने सुरू होणारे सरकारी बोधनाम, चिकटवते आणि सेकंदाला 1200 बिट या, आडरस्त्यावरच्या जीपला शोभेल अशा गतीने ते हवेत सोडते. हे निव्वळ वाहनांचा माग काढण्याचे साधन नव्हे, असे ब्रुनिंगा वारंवार बजावत. ते वाहनांचा माग काढण्याचेही साधन नव्हे, हे गेवराई ते तलवाडा या प्रवासात सिद्ध करण्याचा मान मात्र प्रस्तुत लेखकाकडे जातो.

जीप सहकाऱ्याची, परवानाही त्याचाच. लेखकाचे योगदान भाकरी-ठेच्याच्या स्टीलच्या डब्यापुरते होते, आणि तो डबा त्याने समोर सपाट जागा दिसली म्हणून नेमका उपग्रहांचे संकेत झेलणाऱ्या अँटेनावर ठेवला. आकाश दिसेनासे झाले की यंत्राने निदान हाताने भरलेले स्थान तरी सांगावे, अशी सोय होती आणि ते स्थान भरण्याचे कामही लेखकाने हौसेने मागून घेतले होते. गेवराईचा अक्षांश 19.27 अंश, म्हणजे 19 अंश 16 मिनिटे, कारण अंशाचे 60 भाग पाडले की त्यातल्या एकाला मिनिट म्हणतात. लेखकाने दशांशचिन्हापुढचे 27 हीच मिनिटे मानली. रेखांशाची 75 मिनिटे यंत्राने बाणेदारपणे नाकारली, तेव्हा ती 45 करण्यात आली, परंतु अक्षांशावर कोणीच हरकत न घेतल्यामुळे जीप सुमारे 20 किलोमीटर उत्तरेला सरकून गोदावरीपलीकडे जालना जिल्ह्यात जाऊन बसली आणि दर दोन मिनिटांनी तेथूनच ओ देत राहिली. गेवराईत पडद्यासमोर बसलेल्या मित्राने तासभर न हललेला तो ठिपका पाहून फोन केला तो लेखकाच्या पत्नीला. ‘नदीत तर नाहीत ना?’ हा त्याचा प्रश्न त्या घरात आजही उच्चारला जातो.

तलवाड्याच्या टेकडीवर त्वरितादेवीचे मंदिर आहे आणि नावातच त्वरा असलेल्या देवीपुढे हे सारे घडले, एवढे स्थलवर्णन पुरे.

पायथ्याशी एक आजी कडेवर नातू घेऊन फोन कानाला लावून उभी होती. दसरा झाला होता, लेक-सून ऊसतोडीच्या ट्रकमधून सकाळीच निघालेली. सून वाटेतून गाव सांगत होती आणि आजी ते नातवाला मोठ्याने ऐकवत होती: ‘गढी गेली रं बाळा. आता बीड येईन.’ सहा महिने दूर जाणाऱ्या त्या ट्रकचा ठिपका कोणत्याही पडद्यावर नव्हता, आणि तरी तो कुठवर पोचला हे त्या पोराला गावागणिक ठाऊक होते. लेखकाने डबा उघडून पोराला भाकरीचा तुकडा दिला. अँटेनावरचे झाकण असे उठताच यंत्राला उपग्रह सापडले आणि जीप गोदावरी ओलांडून क्षणार्धात तलवाड्यात आली.

तलवाड्याला जाणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांनी डबा मागच्या सीटवर ठेवावा.