चार बाइटांची काटकसर

कर्नल कोसळला की कोणाच्या नावाने बोटं मोडायची, हे स्टॅक ट्रेस सांगतो. अमुक फंक्शनने तमुकला बोलावलं, तमुकने आणखी कोणाला, आणि तिथे घात झाला. थोडक्यात, पंचनामा. आमच्याकडे मात्र पंचनाम्याला गेलेला हवालदारच दर दोन पावलांना ठेचकाळत होता.

तोही सगळीकडे नाही. टेबलावरच्या एक्स८६ मशीनवर सारं आलबेल. हा प्रोसेसर स्वभावाने भलताच सोशिक. आठ बाइटांचा आकडा कुठल्याही पत्त्यावर ठेवा, मुकाट्याने उचलतो. गिऱ्हाइकाचं मशीन होतं स्पार्कचं. त्याला आठ बाइट हवे असतील तर पत्त्याला आठाने नि:शेष भाग गेलाच पाहिजे. नाही गेला, की ट्रॅप. लिनक्स ते काम कसंबसं निभावून नेतो, पण लॉगमध्ये ‘कर्नल अनअलाइन्ड ॲक्सेस’ अशी कुरकुर केल्याशिवाय राहत नाही. त्या कुरकुरीत मूळ भानगड कुठल्या कुठे बुडून गेली.

मेमरीचे पत्ते हेक्साडेसिमलमध्ये लिहितात, आणि आठाने भाग जाणारा पत्ता त्यात नेहमी ० किंवा ८ वर संपतो. ज्या पत्त्यांवर ट्रॅप बसत होता, ते झाडून सगळे ४ वर, नाहीतर ‘सी’ वर संपत होते. म्हणजे सगळेच बरोबर चार बाइटांनी चुकलेले. इतकी शिस्तबद्ध चूक योगायोगाने होत नाही.

गुन्हेगार निघाली काटकसर. ट्रेसच्या नोंदी ज्या रिंग बफरमध्ये जातात, तिथे नोंदीच्या डोक्यावर चार बाइटांचा हेडर, आणि त्याला चिकटून लगेच मजकूर. जागा वाचावी म्हणून सगळी मांडणी चाराच्या पटीत. स्टॅक ट्रेस म्हणजे मात्र आठ-आठ बाइटांच्या पत्त्यांची रांग. पहिला चुकीच्या जागी उभा राहिला की मागचे सगळे तसेच. लिनक्सने यावर २०१० मध्ये तोड काढली: ज्या ६४ बिटी मशीनना चाराचा हिशोब सोसत नाही, तिथे आठाची सक्ती. गिऱ्हाइकाकडे त्याच्या आधीचा कर्नल होता. तीच तोड आम्ही तिथे नेऊन बसवली.

बदल मोजक्या ओळींचा, त्याचं स्पष्टीकरण पानभर. साहेबांनी विचारलं, “आता नवीन काय दिसणार?”

“काहीच नाही, सर. दिसत होतं ते बंद होणार.”

“मग डेमो कशाचा द्यायचा?”

घरी बायकोने विचारलं, “आज काय केलंस?”

“चार बाइट पुढे सरकवले.”

“आणि मी कधीची सोफा सरकव म्हणतेय, ते?”

असो. एक्स८६ वर कोड चालला, म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. एक्स८६ सोशिक आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तेव्हा कोड गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी एकदा तरी खडूस मशीनवर चालवून बघा. नाहीतर ते काम गिऱ्हाईक करतं.