दर्यासारंग, मुक्काम मुळशी

बोटीत बोट बुडवून दर्यासारंगांनी ते चाटलं, डोळे मिटले आणि हापूसची पेटी पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखा चेहरा केला.

"जुनी बोट घेताना तळाचं पाणी आधी चाखायचं असतं," ते मला म्हणाले. "खारट लागलं तर गळती खालून, समुद्राची. गोड लागलं तर वरून, पावसाची."

"मग?"

"दोन्ही आहे." थोड्या वेळाने जीभ टाळ्याला लावून, "आणि डिझेल."

मला वाटलं, सुटलो. आता वडखळला चहा घ्यायचा आणि अंधाराच्या आत पुणं गाठायचं. पण त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. "म्हणजे काम आहे हिच्यात," असं ते ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात आपल्याकडे 'मुलगी गुणाची आहे' म्हणतात.

दर्यासारंग ही शिवाजी महाराजांच्या आरमारातली पदवी. आमच्या कोथरूडच्या सोसायटीने ती एका निवृत्त इंजिनिअरला बहाल केली, तीही पाठीमागे. समोर आम्ही त्यांना 'साहेब' म्हणतो. छत्तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेला हा माणूस. असा माणूस पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो आणि त्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं असतं. आमच्या साहेबांच्या ताडपत्रीखाली आधी जावा होती. सात वर्षं ते तिच्याशेजारी मांडी घालून बसत. आठव्या वर्षी एका रविवारी ती पहिल्या किकला सुरू झाली. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी जावा विकलेली होती. विचारलं तर म्हणाले, "चालू गाडी घेऊन काय करायचं?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

बोटीचं वेड शिरलं ते २०२३च्या एप्रिलमध्ये. अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला वळसा, तोही जुन्या पद्धतीची साधनं वापरून. त्याच शर्यतीत २०१८ साली दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली होती आणि पाठीला जबर इजा झाली होती. आपण सगळे हे वाचून 'कमाल आहे बुवा' म्हणतो आणि पान उलटतो. साहेबांनी पान उलटलं नाही. मग दिलीप दोंदे आले, २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली. मग 'सुहैली' आली आणि काम तमाम झालं. जगाला एकट्याने, कुठेही न थांबता पहिला वळसा घातला तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. आणि ती बत्तीस फुटी 'सुहैली' बांधलेली होती मुंबईत, सागवानात!

"आणि तीही गळत होती," साहेब मला जिन्यात अडवून म्हणाले. "तो भर समुद्रात पाण्याखाली उतरून फटी बुजवत होता. शार्क फिरत होते."

जगप्रदक्षिणेपेक्षा त्यांना गळतीचं कौतुक जास्त आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आता मुळशी कुठून आली? तर प्लॉट. दहा गुंठ्यांचा, 'लेक व्ह्यू'. म्हणजे गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून डावीकडे झुकलं की दोन टेकड्यांच्या बेचक्यात तळहाताएवढं पाणी चकाकतं. ऑगस्टमध्ये. मे महिन्यात तेही मागे सरकतं आणि भेगाळलेला चिखल चकाकतो. पण साहेबांच्या मते ज्याच्या प्लॉटला पाणी दिसतं त्याच्याकडे बोट असलीच पाहिजे. वहिनींचं म्हणणं, "समोर गायही दिसते, ती घेतली असती तर दूध तरी मिळालं असतं."

तर ती बोट. सव्वीस फुटी, फायबरची, ऐंशीच्या दशकातली. रायगडच्या किनाऱ्यावर एका वाडीत आडोशाला लाकडी टेकूंवर उभी होती. मालक दुबईला. त्याच्या वतीने दाखवणारा गृहस्थ तीनच वाक्यं बोलत होता : 'वापरलेली कमी, जपलेली जास्त', 'थोडंफार काम आहे' आणि 'उद्या एक पार्टी येतेय'. साहेबांनी खिशातून छोटी हातोडी काढली आणि कलिंगड ठोकावं तशी सगळी बोट टिचकावत फिरले. जिथे 'टण' वाजे तिथे ते पुढे जात, जिथे 'भद' वाजे तिथे थांबून खडूने गोल काढत. तासाभरात बोट देवी आल्यासारखी दिसू लागली. तळाला खरंच फोडही होते. फायबरच्या थरांत वर्षानुवर्षं पाणी मुरलं की असे फोड येतात म्हणे. एक फोडला तर आतून आंबट वासाचं पाणी आलं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचे पीळ सुटलेले, इतके की बोट फिरवलं तर रक्त यावं. शीड उलगडलं तर त्यातून पालींचं एक एकत्र कुटुंब बाहेर पडलं. आणि इंजिन! इंजिनाकडे पाहून साहेब नुसते "अरेरे" म्हणाले, पण ते 'अरेरे' नातवाच्या गालाला हात लावून म्हणतात तसं होतं.

व्यवहार झाला. आकडा सांगत नाही, कारण वहिनींना सांगितलेला आणि दिलेला हे दोन वेगळे आकडे आहेत आणि हा लेख त्यांच्याही हाती पडेल.

आता बोट मुळशीला न्यायची. इथे भूगोल थोडा समजून घ्यायला हवा. मुळशीचं धरण मुळेवरचं. पण त्याचं पाणी नदीच्या वाटेने पुण्याकडे जाण्याऐवजी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि सुमारे ५०० मीटर खाली, रायगडातल्या भिऱ्याला वीज करून कुंडलिकेला मिळतं. कोलाडला सकाळी सकाळी रबरी तराफ्यांतून किंचाळत जाणारी पोरं ज्या पाण्यावर उड्या मारतात, ते हेच पाणी. म्हणजे १९२७ पासून मुळशीचं पाणी घाट उतरतंय आणि साहेबांची बोट मात्र माणगावकडून ताम्हिणी घाट चढत होती. अर्ध्या वाटेत कुठेतरी त्या दोघांची डोंगराच्या आतून-बाहेरून चुकामूक झाली असणार.

बारा चाकी ट्रेलरवर बोट आडवी बांधलेली, तिच्या कुशीत डोलकाठी, पुढे मी आणि साहेब त्यांच्या गाडीत. एका वळणावर समोरून एसटी आली. ना ती मागे जाते, ना ट्रेलर. कंडक्टर उतरला. त्याने बोट नाळेपासून सुकाणूपर्यंत निरखली.

"कुठं निघाली?"

"मुळशीला," साहेब म्हणाले.

"पूर आलाय काय?"

गाडीतले सगळे प्रवासी खिडक्यांतून फोटो काढत होते. साहेबांनी हात हलवला. जगप्रदक्षिणा करून मुंबई बंदरात शिरणाऱ्याने हलवावा तसा.

प्लॉटवर हायड्रा आधीच बोलावून ठेवली होती. त्या पिवळ्या क्रेनने बोट उचलली, चिंचेच्या शेजारी रेल्वेच्या जुन्या स्लीपरवर ठेवली, चारी बाजूंनी डांबराचे पिंप लावले. कील खाली चार फूट लोंबते, त्यामुळे बोटीचा काठ डोक्याच्याही वर गेला. शिडाच्या बोटीत चढायला शिडी आणावी लागली. एव्हाना आख्खी वाडी जमली होती. नांगर खाली उतरवला तेव्हा एका आबांनी तो पायाने उलटापालटा करून पाहिला.

"सायेब, नांगर चांगलाय," ते म्हणाले. "पण बैलं कुठं जुपायची?"

हशा ओसरल्यावर आबा तळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या आजोबांची भातखाचरं तिकडेच खाली आहेत. १९२१च्या रामनवमीला सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात ते तुरुंगातही गेले होते. त्याच लढ्यात पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, पाणी तरीही चढलं. आबांनी हे सगळं काही सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आमची शेतं पाण्यात गेली आन् तुमची होडी शेतात आली. बसा चहा घ्या."

साहेबांनी चहा घेतला. त्या दिवशी पुढे ते फारसं बोलले नाहीत. त्यांना बोलण्यापासून थांबवणारं एवढं एकच वाक्य मी ऐकलंय.

त्याला आता तीन वर्षं होत आली. दर शुक्रवारी संध्याकाळी साहेब निघतात. "किती लांब आहे तुमचा प्लॉट?" असं कुणी विचारलं तर म्हणतात, "बावीस सागरी मैल. चांदणी चौकात वारा पडला नाही तर दीड तास." फायबरचं काम पिरंगुटच्या एका शेडमध्ये पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्याकडे दिलं. त्याने बोटीकडेही टाकी म्हणूनच पाहिलं आणि विचारलं, "नळ कुठं काढू?" फाटलं शीड पौडला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याने शिवलं. इतकं मजबूत की आता ते गुंडाळलं जात नाही, त्याची घडी घालावी लागते, चारजणांनी, सतरंजीसारखी. बोल्टसाठी साहेब बोहरी आळीत गेले. दुकानदाराने ३०४चं स्टील काढलं, साहेब ३१६वर अडून बसले. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या पाण्याला टिकतं.

"कुठल्या समुद्रात आहे बोट?" दुकानदाराने आदराने विचारलं.

"मुळशीला," साहेब म्हणाले.

दुकानदाराने दोन्ही डबे काउंटरवर ठेवले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

प्लॉटवरच्या गड्याची बायको नव्या स्टेनलेस तारेवर कपडे वाळत घालते. केबिनमध्ये गावातली एक कोंबडी खुडूक बसली होती; पिल्लं निघेपर्यंत एकवीस दिवस साहेबांनी आत हातोडी वाजवली नाही. सुकाणूचा लाकडी दांडा मात्र कोथरूडला, दिवाणखान्यात, टीव्हीखाली असतो. त्याला काचकागद मारून व्हार्निशचा हात द्यायचा, वाळला की पुन्हा काचकागद. सध्या नववा हात चालू आहे. नारळी पौर्णिमेला वहिनी तिकडे जाऊन बोटीला हळदकुंकू वाहतात आणि नारळ फोडून खोबरं वाटतात. समुद्रात नारळ टाकायची सोय नाही, त्यामुळे मुळशीत हा सण कोळीवाड्यापेक्षा जास्त चविष्ट होतो.

आणि गेल्या जुलैमध्ये बोट बुडाली.

ताम्हिणीच्या आसपास पाऊस पडतो म्हणजे काय, हे पुण्याच्या पावसावरून कळायचं नाही. तिथे थेंब नसतात, सरळ धार असते, दिवसरात्र. ताडपत्री वाऱ्याने गेली. बोटीच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं, त्यात चिंचेचा पाला बसला. चौथ्या दिवशी गड्याचा फोन आला, "सायेब, होडी भरली." आम्ही पोचलो तेव्हा काठोकाठ भरलेली बोट पिंपांवर करकरत होती. आत बेडूक, व्हार्निशचा डबा आणि 'जहाज चालवण्याचे नियम' असं पुस्तक तरंगत होतं. जमिनीवर उभी असताना बुडालेली बोट मी पहिल्यांदाच पाहिली. साहेब छातीपर्यंत पाण्यात उतरले आणि पायाच्या अंगठ्याने ते भोक शोधू लागले. सापडलं तेव्हा खालून जी चूळ सुटली तिच्यात शेजारच्या वाफ्यातली मिरचीची रोपं वाहून गेली. ओलेचिंब साहेब शिडीवरून उतरले आणि म्हणाले, "एक बघा, कुठूनही गळली नाही. सगळं पाणी आत राहिलं."

"परवानगीचं काय?" मी अधूनमधून विचारतो. मुळशीचं तळं वीज कंपनीचं. मनात आलं म्हणून कुणीही उठून शीड फडकवावं असं ते पाणी नाही. शिवाय २०२१च्या नव्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आहे, कागद आहेत. साहेबांनी अजून एकही अर्ज केलेला नाही. "आधी बोट तर होऊ दे," म्हणतात. मागच्या महिन्यात तर मला स्पष्ट दिसत होतं की बोट झाली आहे. फोड भरलेले, तारा नव्या, इंजिन दोन झटक्यांत धडधडलेलं. मला जावा आठवली. साहेब चिंचेखाली खुर्ची टाकून गप्प बसले होते आणि दोन दिवसांनी त्यांनी जाहिरात दिली.

रविवारी हिंजवडीहून एक तरुण आला. संगणकातला, लग्न नुकतंच झालेलं, बायको गाडीतच बसून राहिली. बोट बघून त्याचे डोळे सुहैली झाले. साहेबांनी दाखवायला सुरुवात केली आणि मला काही कळेना. माणूस विकायला बसलाय, पण प्रत्येक वाक्यागणिक काहीतरी नवीनच बिघडलेलं निघत होतं. हा जोड मला पटलेला नाही. तो पंप बदलायला हवा. डोलकाठीच्या बुडाशी किंचित, अगदी किंचित गंज. साहेबांचा आवाज चढत गेला, हातात खडू आला, आणि बघता बघता बोटीवर पुन्हा गोल उमटू लागले.

"म्हणजे थोडंफार काम आहे," तरुण म्हणाला.

"थोडंफार?" साहेब दुखावले. "अहो, निदान दोन वर्षांचं आहे!"

तरुण हुशार निघाला. कुठेतरी वाचून आला असणार. त्याने केबिनची फळी उचलली, तळाच्या ओंजळभर पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं. साहेब श्वास रोखून उभे होते.

"गोड आहे," तो म्हणाला.

"मुळशीचं आहे," साहेब म्हणाले आणि फळी परत बसवून तिच्यावर उभे राहिले.