हापूसचा क्रोसाँ : नवशिक्यांसाठी सोपी कृती

आधी एक शंका फेडून घेऊ. हापूसचं सारण भरलेला क्रोसाँ घरी करता येतो का? येतो. मे महिन्यात येतो का? हा खरा प्रश्न. क्रोसाँचा सगळा डोलारा लोण्याच्या थरांवर उभा असतो. लाटताना हे लोणी घट्ट पण न तुटता वाकणारं लागतं, म्हणजे साधारण १३ ते १८ अंश सेल्सियसचं. ३२-३५ अंशांना ते वितळून मोकळं होतं. मेमधल्या दुपारी आपलं स्वयंपाकघर किती तापतं, हे ओट्याशी उभं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. थोडक्यात, फळ येतं तेव्हा लोणी टिकत नाही आणि लोणी टिकतं तेव्हा फळ नसतं. या दोघांची पत्रिका मुळात जुळतच नाही. आपण लग्न लावणार आहोत.

साहित्य

मैदा २५० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, गार दूध आणि पाणी मिळून १४० मिलिलिटर, पिठात घालायला २५ ग्रॅम लोणी आणि थरांसाठी १२५ ग्रॅम. इथवर सगळं दुकानात मिळतं. यापुढची वस्तू मिळत नाही : फ्रीजमधला एक रिकामा कप्पा. मेमध्ये मराठी घरातल्या फ्रीजमध्ये वर पन्ह्याच्या बाटल्या, मध्ये ताकाचं पातेलं, खाली कालच्या रसाचा डबा आणि त्यावर तिरकी ठेवलेली विरजणाची वाटी असते. हा कप्पा मिळवण्याची बोलणी आदल्या दिवशीच सुरू करावीत.

लोण्यावरून घरात मतभेद होतीलच. “घरचं लोणी आहे की, विकतचं कशाला आणलंस?” असं सासूबाई म्हणतील. त्यांचं म्हणणं चूक नाही, फक्त इथे लागू नाही. विकतच्या लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश आणि फार तर १६ टक्के पाणी असावं असा नियम आहे. त्या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते, ती थरांना वर ढकलते आणि पापुद्रे सुटतात. घरच्या लोण्यात पाणी किती, ते ताक काढणाऱ्या हातावर अवलंबून. लाटताना ते मध्येच फुटतं. हे शास्त्र सासूबाईंना समजावत बसू नये. “आई, त्या लोण्याचं तूप कढवू या का?” असं विचारावं. विषय संपतो. विकतचं लोणी मात्र बिनमिठाचं घ्यावं. पिवळं खारं लोणीच मिळालं तर पिठातलं मीठ गाळावं.

सारण

नवशिके इथेच फसतात. परदेशी व्हिडिओत एक हसतमुख बाई आंब्याच्या फोडी सरळ पिठावर ठेवून गुंडाळते. तिचा आंबा कुठला, देव जाणे. हापूसच्या गरात सुमारे ८० टक्के पाणी असतं. भट्टीत ते बाहेर येतं, तळाचं पीठ शिजण्याऐवजी उकडतं आणि क्रोसाँ खालून थेट मोदकाच्या वाटेला लागतो.

म्हणून रस आटवायचा. त्यासाठी एप्रिलातली पहिली, सोन्याच्या भावाची पेटी फोडू नये. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा आंबा त्या नावाने विकावा असं ठरलं. हातगाडीवाल्याला मात्र हे अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. आटवण्यासाठी मेअखेरचा, सालीवर सुरकुती पडलेला, पाऊस न लागलेला आंबा उत्तम. रस गाळून जाड बुडाच्या कढईत घ्या, रसाच्या पाव पट साखर घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही. मग रस जड होतो, कढईच्या मध्यभागी बुडबुडे फुटतात आणि गरम थेंब थेट मनगटावर उडतात. लांब दांड्याचा कालथा घ्या, बाह्या खाली करा, मुलांना बाहेर पिटाळा. रंग केशरीवरून तांबूस होऊ लागला की थेंबभर बशीत काढून गार करा आणि त्यातून बोट फिरवा. बोटाची वाट तशीच राहिली तर झालं. दोन्ही काठ हळूहळू पुन्हा भेटले तर अजून ढवळा.

यात वेलची, केशर, पिस्ते, गुलाबपाणी घालण्याचा मोह होईल, कारण फ्युजन म्हटलं की हात सैल सुटतो. चिमूटभर सुंठ चालेल, आपण रसातही घालतोच. बाकी सगळा हापूसचा अपमान आहे.

आटवलेला रस बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि बरणीवर ‘कारल्याचं लोणचं’ अशी चिठ्ठी लावा. नाहीतर पोळीला लावून तो चार दिवसांत संपतो आणि क्रोसाँ वाटाण्याचा करावा लागतो.

अननस वापरणार असाल तर तोही शिजवूनच. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, त्यामुळे जिलेटिन घातलेलं सारण घट्टच होत नाही. डबाबंद अननसाला हा धोका नाही, तो आधीच तापवलेला असतो. फणसाबद्दल काही लिहीत नाही. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे आहेत.

लाटणे

घरातली सर्वांत गार खोली बेडरूम. एसी २० वर ठेवून अभ्यासाचं टेबल पुसून घ्या. आणि गुरुवार टाळा. अनेक गावांत दुरुस्तीसाठी लाइट जाते ती नेमकी त्या दिवशी.

पीठ मळून, तासभर फ्रीजमध्ये गार करून लांबट आयत लाटायचा. वाचायला सोपं आहे. पण ज्या हाताने जन्मभर पोळ्या लाटल्या, तो आपोआप गोल फिरतो. पोळपाट तर बोलूनचालून गोलच. तेव्हा पोळपाट आत ठेवा, लाटणं सरळ पुढे-मागे न्या आणि कडा हाताने ओढून चौकोनी करा. आयतावर लोण्याची चपटी लादी ठेवून पीठ तिच्यावर मिटवा, लाटा, तिपदरी घडी घाला, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. असं तीनदा. तीन घड्यांनी लोण्याचे २७ थर होतात.

या टप्प्यावर आजी दारात येऊन उभ्या राहतील. “अगं, हे चिरोटेच की! मग एसी कशाला?” प्रश्न रास्त आहे. चिरोट्यात आपण फेसलेल्या तुपाचा आणि तांदळाच्या पिठीचा साटा पोळ्यांना फासतो, वळकटी करून कापतो. साटा मऊच हवा. पिठी त्या तुपाला धरून ठेवते आणि कढई पदर उलगडते. इथे पिठीचा आधार नाही, लोण्याला एकट्याने थर सांभाळायचे आहेत, म्हणून त्याला गारवा लागतो. एवढं सांगून आजींच्या हाती लाटणं द्यावं. थर किती पातळ लाटायचा, हे त्यांना कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळतं.

कोणी क्रोसाँच्या फ्रेंचपणाचा तोरा मिरवलाच, तर हेही सांगून टाका : मूळ चंद्रकोर व्हिएन्नाची. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियनाने १८३८-३९च्या सुमारास पॅरिसमध्ये बेकरी काढून ती तिथे नेली आणि पापुद्र्यांचं पीठ फ्रेंचांनी तिला पुढे दिलं. म्हणजे हा पदार्थ आपल्या हाती येण्याआधीच फ्युजन झालेला होता. व्हिएन्नाला पडलेल्या तुर्कांच्या वेढ्यात ती चंद्रकोर जन्मली ही चटकदार गोष्ट तेवढी सोडून द्या, तिला पुरावा नाही.

भरणे आणि भाजणे

चंद्रकोरीच्या मागे लागू नका. चौकोन कापा आणि त्यात आंबापोळीची बोटभर पट्टी ठेवून गुंडाळी करा. कोकणातल्या अंगणात ताटांवर उन्हात वाळलेल्या या साठातलं बहुतेक पाणी आधीच उडालेलं असतं, त्यामुळे ती पीठ भिजवत नाही. आटवलेला रस मात्र भाजून गार झालेल्या क्रोसाँमध्ये कोनाने, बाजूने भरा. मला दोन्ही एकत्र आवडतात : मध्ये चिवट आंबट साठ, भोवती मऊ रस.

फुगायला दोनेक तास द्या, पण २५-२६ अंशांपलीकडे नको. ‘उबदार जागी ठेवा’ हे वाक्य थंड देशांसाठी लिहिलेलं आहे. आपल्या उबदार जागी लोणी ताटात उतरतं.

ओटीजी २०० अंशांवर आधी तापवून १८ ते २० मिनिटं भाजा. बाराव्या मिनिटाला घरातलं कोणीतरी काचेतून डोकावून “करपलं!” म्हणेल. लक्ष देऊ नका. फिकट क्रोसाँ आत कच्चा असतो. रंग चांगला तांबूस, जवळजवळ भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा हवा.

कडेचे कापलेले तुकडे टाकू नका. वरून साखर भुरभुरवून त्याच ट्रेमध्ये दहा-बारा मिनिटं भाजा. क्रोसाँ गार होईपर्यंत चहा होतो, आणि चहाबरोबर घरातले सगळे ही खारीच आधी संपवतात. त्यांना अडवू नका, तेवढ्यात कोनात रस भरून होतो.