सॉफ्टबोर्डवरचं साणं

लातूरच्या उन्हाळ्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रेरणा येते ती साधारण दुपारच्या चहाबरोबर. सकाळ महापालिकेच्या फायली आणि सिमेंटवाल्यांचे फोन यांच्यात निघून जाते. उन्हं कलली की कुणीतरी खुर्ची मागं ढकलतं, एक रंगीत प्रिंट घेऊन पाण्याच्या फिल्टरवरच्या सॉफ्टबोर्डकडं जातं आणि डोकं तिरपं करून ती टोचतं. बाकीचे कप हातात घेऊन भोवती जमतात. ऊर्जेची बचत, मातीचा श्वास, निसर्गाशी मैत्री असले शब्द हवेत तरंगू लागतात. ती हवा मात्र अठरा अंशांवर लावलेल्या एसीची असते, कारण आमच्या ऑफिसची पश्चिमेकडची भिंत अथपासून इतिपर्यंत काचेची आहे. तीन वाजले की सूर्य त्या काचेतून असा आत येतो, जणू भाडेकरार त्याच्याच नावावर आहे. मग आम्ही काचेला जुन्या ड्रॉइंगचे कागद चिकटवतो. त्यातल्या बऱ्याच कागदांवर वारा घरात कुठून येईल आणि कुठून जाईल, याचे सुरेख बाण काढलेले असतात.

मी इथं एस्टिमेट करतो. इतरांना स्फुरतं आणि मी त्याचा चौरस फुटाचा दर काढतो, त्यामुळं माझ्या टेबलापाशी आल्यावर स्फुरण जरा दबकूनच बोलतं. पण त्या बोर्डासमोर रेंगाळायला मला आवडतं. एका कोपऱ्यात बाळकृष्ण दोशींचं अहमदाबादचं ‘संगाथ’ आहे. अर्धं जमिनीत शिरलेलं, पाठीवर चिनी मातीच्या फुटक्या कपच्यांचा पांढरा वर्ख ल्यालेलं. दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले आणि २०१८ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं, हे आमच्याकडं प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं जातं. सांगणाऱ्याच्या आवाजात घरचं कार्य पार पडल्याचा भाव असतो. बोर्डाच्या नेमक्या मध्यभागी मात्र एका टँकरवाल्याचा फोन नंबर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसांत तो टोचला गेला. पुढं चांगले पावसाळे आले, चिठ्ठीची शाई उडत चालली, पण ती काढायची कुणाची छाती होत नाही. शाश्वत म्हणावं असं त्या बोर्डावर तेवढंच एक आहे. आमचा नांदेडचा सहकारी तिच्याकडं कप उंचावून म्हणतो, ‘‘आमच्याकडं पाणी गोदावरीतून येतं बाबा, तुमच्याकडं रुळावरून.’’ विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद ज्या दोन गावांना वर्षानुवर्षं पुरला, त्यांच्यात एवढं चालायचंच.

मध्ये लॉरी बेकरची लाट आली होती. बर्मिंगहॅमचा हा माणूस मुंबईत गांधीजींना भेटला आणि घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हे त्यांचं म्हणणं डोक्यात घेऊन पुढं केरळात अखेरपर्यंत बांधत राहिला. मग आम्हीही नकाशावर लातूरभोवती पाच मैलांचं वर्तुळ मारलं. यादी निघाली: काळा दगड, पांढरी माती, बाभूळ, कडुनिंब, कूड विणायला तुराट्या, उसाचं पाचट. काळी माती अमाप, पण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर उभं करणं म्हणजे रुसक्या माणसाशी संसार. यादीच्या शेवटी कुणीतरी ‘डाळ मिल’ असंही लिहिलं. तेव्हा ज्यांच्या बंगल्याचं काम चालू होतं, त्यांना ती दाखवली. त्यांनी ती आदरानं वाचली, घडी करून परत दिली आणि मोबाइलमधला पुण्यातल्या एका शोरूमचा फोटो पुढं केला. ‘‘एलिव्हेशन असं पाहिजे, सर. काच जरा जास्तच टाका.’’

अशात नव्या आलेल्या मॅडमनी एका दुपारी गांदोचा फोटो लावला. गांदो हे बुर्किना फासोमधलं खेडं. फ्रान्सिस केरे तिथलाच. शिकायला जर्मनीला गेला, २००१ साली गावात मातीच्या विटांची शाळा उभी केली आणि २०२२ चं प्रित्झकर त्याला मिळालं. फोटो त्या शाळेच्या ग्रंथालयाचा होता. गावातल्या बायकांनी घडवलेली मडकी कापून छताच्या काँक्रीटमध्ये बसवलेली. त्यांतून उजेड खाली येतो, तापलेली हवा वर निघून जाते. आम्ही सगळे माना वर करून थक्क. आमचे ड्राफ्ट्समन काका चष्मा कपाळावर चढवून जवळ गेले, ‘‘हे तर साणं हाय की,’’ म्हणाले आणि परत ऑटोकॅडपुढं जाऊन बसले.

त्यांना उठवून आणावं लागलं. काका किल्लारीकडचे. त्यांच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला खिडक्या नावालाच. उजेड यायचा तो छतातल्या साण्यातून. दुपारभर तो कवडसा घरात सरकत जायचा आणि त्याच्यामागं काकांची आई गव्हाचं सूप घेऊन सरकत जायची. पाऊस आला की वर पळत जाऊन साण्यावर घमेलं पालथं घालायचं काम पोरांचं. गेलेलं पोर चिंब भिजूनच उतरायचं, कारण पळायचं ते त्यासाठीच असायचं. मॅडमनी वहीच काढली. ‘‘मग काका, आपण असं एक माळवद बांधू या ना!’’

काकांनी चहाचा घोट घेतला. ‘‘मॅडम, आमचं माळवद त्र्याण्णवला पडलं.’’

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. या भागात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही, विचारावी तर अजिबात लागत नाही. मॅडमचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी पेन मिटवलं.

थोड्या वेळानं काकाच बोलले, आणि ड्राफ्ट्समनला शोभेल असे, कागदावर भिंतीचा छेद काढत. दोन्ही अंगांनी दगड रचायचे, मध्ये चिखल आणि कपच्या भरायच्या; भिंत चांगली जाड, पण दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड नाही. वर तुळया, किलच, पाला आणि पांढरी माती. गळू नये म्हणून दरसाल मृगाच्या आधी नवा थर. ‘‘आज्यानं टाकली, बापानं टाकली. काढली कुणीच न्हाई.’’ उन्हाळाभर घर गार ठेवणारं ते ओझं त्या पहाटे खाली आलं. कमी मजबुतीचं दगडविटांचं बांधकाम भूकंपात कसं तगवावं, हे सांगणारं भारतीय मानक १३८२८ त्याच वर्षीचं आहे. उरलेल्या घरांसाठी पुढं उपाय सांगितले गेले तेही साधेच: माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके टेकू द्या. पण रात्रीतून ज्याच्या अंगावर छत आलं, त्याला मातीच्या गारव्याचे आलेख दाखवायला कुणाची जीभ उचलणार? ५२ गावं नव्या जागी गेली. तिथं स्लॅब तापला की लोक अंगणात बाज टाकतात, पण तिच्यावर झोपतात निश्चिंत.

मला त्या वेळी सारखा आमचा बोर्ड दिसत होता. आम्हीही फोटोवर फोटो चढवत गेलो होतो. काढला कुणीच नव्हता. मॅडमनी संध्याकाळी बसून तो सगळा उतरवला. गांदोच्या ग्रंथालयाशेजारी काकांचा छेद लावला. टँकरवाल्याचा नंबर तेवढा होता तिथंच ठेवला.

पुढं औशाजवळच्या एका शेतघराला आम्ही हलकं छत आणि त्यात साणं दाखवलं. मालकांनी विचारलं, ‘‘भोक कशाला?’’ काका म्हणाले, ‘‘आई गहू निवडती का घरात?’’ ‘‘निवडती.’’ ‘‘मग ऱ्हाऊ द्या.’’ मी एस्टिमेटमध्ये ‘मडकी, कापलेली’ अशी ओळ घातली. जिल्हा दरसूचीत त्यांचा दर सापडेना, म्हणून कुंभाराला विचारला. कापायची आहेत, हे त्याला सांगितलं नाही.

औसा, निलंगा, उदगीर, कंधार, मुखेड या पट्ट्यात माळवदाची घरं अजून उभी आहेत. ती पाडू नका, असं म्हणायचा हक्क त्यात न झोपणाऱ्या आम्हाला नाही. पाडायचं ठरलंच, तर जेसीबी बोलावण्याआधी एक दिवस कुणालातरी मापं घेऊ द्या. खण किती, भिंत केवढी, साणं कुठं. आणि राहतं ठेवणार असाल, तर यंदा मृगाच्या आधी माळवदावर नुसती नवी माती टाकू नका. आधी जुनी उतरवा.