फळा सरकारचा, पडदा वर्गणीचा

शाळेत खडू आणायचा तर कुणी वर्गणीची पावती फाडत नाही. फळा, बाक, पाठ्यपुस्तकं, दुपारची खिचडी हे सगळं सरकारी पैशातून येतं आणि तसंच यायला हवं. वर्गात टीव्ही किंवा प्रोजेक्टर लावायची गोष्ट निघाली, की मात्र गावापुढे हात पसरायची पाळी येते. सर मुंबईच्या चाकरमान्यांना फोन लावतात, ग्रामपंचायतीत अर्ज देतात, उरलेले पैसे स्वतःच्या खिशातून घालतात. दोडामार्ग तालुक्यातल्या वाडीवरच्या शाळांनी हे किती वर्षं करायचं? वर्गातला पडदा हा फळ्याइतकाच सरकारचा खर्च आहे. तो सरकारनेच करावा.

वर्गणीतून शाळा डिजिटल झाली की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. देणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत. पण वर्गणी जिथे देणारे आहेत तिथेच जमते. बाजारपेठेच्या गावात दुकानदार भेटतात, डोंगरातल्या वाडीत काजू-बागायतीवर आणि रोजंदारीवर जगणारी घरं असतात. ज्या मुलांच्या घरी काहीच नाही, त्यांच्याच शाळेला काही मिळत नाही. असमानता कमी करायला काढलेली शाळा ती वाढवायला लागली, तर दोष वाडीचा नाही.

आता हिशेब बघा. समग्र शिक्षा योजनेत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये अनुदान आहे. महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. त्यातच स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, साहित्य, वीजबिल आणि इंटरनेटही. आमच्याकडच्या कितीतरी शाळांचा पट तिशीच्या आतला. याच योजनेतले संगणक कक्ष आणि स्मार्ट वर्ग सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी आहेत. म्हणजे चौथी-पाचवीपर्यंतची वाडीवरची शाळा त्या दारातच उभी राहणार. पाया जिथे घातला जातो, तिथेच पैसा नाही.

आणि यंत्र आलं म्हणजे काम झालं, असंही नाही. तिलारी खोऱ्यातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही. जूनमध्ये लाईट जाते ती कधी येईल याचा नेम नाही. ती आली की 'लाईट इली!' म्हणून पोरं ओरडतात, आणि पाठ सुरू होईपर्यंत पुन्हा अंधार. कपाटात ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर श्रावणापर्यंत बुरशी धरते. इन्व्हर्टरची बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांत मान टाकते. विजेच्या एका कडाक्यात टीव्हीचा बोर्ड जळतो आणि दुरुस्तीला माणूस सावंतवाडीहून यायचा म्हटला, तर त्याचं येण्याजाण्याचं भाडं कोण देणार? वर्गणी यंत्र घेऊन देते, त्याची देखभाल करत नाही. दरवर्षी न मागता मिळणारा पैसा फक्त अर्थसंकल्पातूनच येऊ शकतो.

हा पैसा कशासाठी हवा, तेही सांगतो. द्विशिक्षकी शाळेत दोघेजण चार इयत्ता सांभाळतात. त्यातले एक सर बैठकीला किंवा माहिती भरायला गेले, की चारही वर्ग एका खोलीत. अशा वेळी पहिलीला अक्षरं गिरवून घेताना मोठ्या मुलांना चंद्राच्या कला हलत्या चित्रातून दाखवता आल्या, तर तो पाठ पदरात पडतो. फळ्यावर काढलेल्या आठ गोलांनी तो कळत नाही. पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र डोळ्यांनी बघितला की पोरं स्वतःच विचारायला लागतात.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला. पुढे बालभारतीने तो राज्यभर नेला आणि 2020 साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. जगाने दखल घेतली. पण तो कोड वाचायला आजही सरांचा स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा डेटा लागतो. पुस्तकात कोड छापणाऱ्या सरकारने तो उघडण्याचं साधनही द्यावं, इतकं साधं मागणं आहे.

हद्दीपलीकडे बघा. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना गोव्याने अकरावीच्या मुलांना संगणक दिले. 2021 पासून तिथे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची सरकारी योजना आहे. गोव्यातल्या डिचोलीचा मुलगा आणि आमचा मुलगा उद्या एकाच औद्योगिक वसाहतीत नोकरीच्या रांगेत उभे राहणार आहेत. 2018 साली गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्ग रस्त्यावर उतरला होता आणि योग्यच केलं होतं. वर्गखोलीसाठी मात्र आपण अजून एक निवेदनसुद्धा जोर लावून दिलेलं नाही. तिलारी धरणाचा खर्च आणि पाणी गोवा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी 73.30 आणि 26.70 अशा टक्क्यांत वाटून घेतलं. धरणासाठी दशांश चिन्हापुढचेही आकडे मांडता येतात, मग शाळेसाठी साधा वार्षिक आकडा का मांडता येऊ नये?

'आधी शिक्षक द्या, मग टीव्ही' असं म्हणणारे चूक नाहीत. युनेस्कोनेही 2023 च्या अहवालात हेच बजावलं, की तंत्रज्ञानाने शिक्षकाला हातभार लावावा, त्याची जागा घेऊ नये. रिकाम्या पदावर पडदा टांगून कुणी समाधान मानत असेल, तर त्याला पहिला विरोध आम्हीच करू. पण शिक्षक नाही म्हणून यंत्र नाही आणि यंत्र नाही म्हणून काहीच नाही, ही पळवाट झाली. दोन्ही मागायची. कोकण विभाग स्थापनेपासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो. इतकं करून दाखवणाऱ्या मुलांसाठी हे काही फार मागणं नव्हे.

तेव्हा जिल्हा नियोजन समितीसमोर मागणी नेमकी ठेवू या. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक शाळेला एक पडदा आणि सौरऊर्जेवर चालणारी बॅटरी. वीजबिल आणि इंटरनेट शाळा अनुदानातून वगळून जिल्हा परिषदेने थेट भरायचं. तालुक्याला एक पगारी तंत्रज्ञ, जो पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक शाळेत जाईल. आणि बॅटरी बदलायची तरतूद पहिल्याच वर्षी लिहून ठेवायची. शाळा व्यवस्थापन समित्यांनी हा ठराव येत्या ग्रामसभेत घ्यावा आणि त्याची प्रत आमदार-खासदारांच्या हातात द्यावी, पोच घेऊन.